खडूस म्हातारीचं गेट

शालनबाई टेमगिऱ्यांच्या तोंडी लागू नये, हे सांगवीतल्या त्या गल्लीत नव्याने आलेल्या भाडेकरूलाही दोन दिवसांत कळायचं. त्यांच्या गेटसमोर कुणी गाडी लावली की संपलंच. बाई पदर खोचून बाहेर यायची आणि गाडीवाल्याचा, त्याला लायसन देणाऱ्याचा आणि त्याला शाळेत घालणाऱ्या बापाचा एका दमात उद्धार करायची. आवाज असा की नदीपलीकडे औंधात ऐकू जावा.

लोक म्हणायचे, बाई भांडकुदळ आहे. असेलही. पण ते भांडण हवेतलं नव्हतं, हे कुणी लक्षात घेत नव्हतं. ती गल्ली पूर्वी जेमतेम हातगाडी जाईल एवढीच होती. तीस वर्षांपूर्वी शालनबाईंच्या नवऱ्याने, आबाजींनी, आपली दगडी भिंत चार फूट मागे घेतली आणि ती जागा रस्त्याला फुकट सोडली, तेव्हा कुठे पाण्याचा टँकर आत येऊ लागला. समोर राहणाऱ्या ज्योतीरामने, आबाजींच्या चुलतभावाने, बोटभर जागा दिली नाही. त्याची भिंत आजही रस्त्यात पोट काढून उभी आहे. आणि आबाजींनी सोडलेल्या त्या चार फुटांत गाड्या कुणाच्या लागायच्या? तर ज्योतीरामचा नातू दिग्विजय, त्याच्या आणि त्याच्या पाहुण्यांच्या. मग बाईचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

दोघेही भाऊ आता वर गेले होते. ज्योतीराम आधी गेला, आबाजी तीन वर्षांपूर्वी, काळजाच्या दुखण्याने. तेराव्याचं जेवण उरकलं आणि शालनबाईने मनाशी पक्कं केलं, की या गल्लीला आबाजींचं नाव लागलं पाहिजे. दगडी पाटी, त्यावर सोनेरी अक्षरं, ‘कै. आबाजी टेमगिरे मार्ग’. बास. त्यापुढे तिला आयुष्यात काही नको होतं. तीन वर्षं ती महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या चढत होती. गुडघे बोंबलायचे, तरी चढायची. आणि फाईल एकदाची टेबलावर आली, तर दिग्विजयने समोरून दुसरा अर्ज ठोकला. गल्लीला आमच्या आजोबांचं नाव द्या, म्हणे. जागा न देणाऱ्याचं.

सुनावणी समाजमंदिरात ठेवली होती. महापालिकेचे साहेब आले, गल्लीतली चाळीसेक माणसं आली. शालनबाई पुढच्या खुर्चीत कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. साहेबांनी अजून चष्माही लावला नव्हता, तेवढ्यात दिग्विजय उठला. पांढरे कपडे, गळ्यात चेन, येत्या निवडणुकीत उभं राहायचं म्हणून गेली दोन वर्षं हात जोडूनच फिरत होता.

"साहेब, नाव द्यायचा प्रश्न येतोच कुठे? गल्लीला नाव आहे. सगळ्या जगाला माहिती आहे. आपल्यालाच माहिती नाही." त्याने फोन वर धरला. "मॅप उघडून बघा. आपल्या गल्लीवर काय लिहिलंय? ‘खडूस म्हातारीचं गेट’. प्रकार, ऐतिहासिक स्थळ. वेळ, चोवीस तास उघडे. साडेचार स्टार, दोनशे चौदा रिव्ह्यू."

आधी मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं समाजमंदिर हसलं. साहेबांनी फाईल तोंडासमोर धरली, पण त्यांचे खांदे हलताना शालनबाईला दिसत होते. मॅप म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. गाडीत बसल्यावर एक बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगते, ते. त्या बाईच्या तोंडी आपलं हे नाव आहे, हे मात्र तिला आज कळलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हे बघा शालनआजी," दिग्विजय म्हणाला, "मी काही वाईट माणूस नाही. मी स्वतः हे काढायला पन्नास वेळा तक्रार टाकली. आमच्या वाढदिवसाला आमदारांचा ड्रायव्हर हे नाव विचारत आला, लाज गेली आमची. ते निघत नाही. तुम्ही काढून दाखवा. पुढच्या सोमवारच्या आत निघालं, तर मी माझा अर्ज मागं घेतो. बिनविरोध आबाजीआजोबांचं नाव. नाही निघालं, तर तुम्ही तुमचा घ्या. गल्लीसमोर शब्द देतो."

"दिला शब्द?" शालनबाईने विचारलं.

"दिला."

"सायेब, लिवून ठेवा त्याचा शब्द. त्याच्या आज्यानं बी लई शब्द दिले व्हते."

हसणं थांबलं तेवढ्यापुरतं. पण घरी जाताना तिला पाठीमागून खुसखुस ऐकू येत होती.

तिची सून उत्कर्षा चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत तपासणी विभागात होती. पहिली शिफ्ट करून ती चार वाजता घरी आली, तेव्हा सासू ओट्याला टेकून तिची वाटच बघत होती. बुटाची लेससुद्धा सोडू दिली नाही.

"त्या मॅपवर माझ्या नावानं काय लिवलंय?"

उत्कर्षाचा हात लेसवरच राहिला. खोटं बोलायला तिला वेळच मिळाला नाही.

"तुला ठाऊक व्हतं."

"हो, आई."

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली. कंपनीच्या बसच्या यादीत माझा स्टॉप तोच आहे."

शालनबाई काही बोलली नाही. ती बोलायची तेव्हा घरातले घाबरत नसत, गप्प राहायची तेव्हा घाबरत.

"म्हंजे रोज सकाळी तू माझी अब्रू यादीवर टिक करून बसमधी चढती."

"मी नाही दिलं ते नाव, आई. आपल्या गल्लीला दुसरी खूणच नाही. पत्ता सर्व्हे नंबरचा, तो कुणाला सापडतो? सगळे हीच खूण देतात. गॅसवाला, शाळेची व्हॅन, कुरिअर. समोरच्या दिग्विजयच्या घरीसुद्धा जेवण मागवतात ना, ते याच नावावर येतं."

"वाच मला. लोकं काय काय लिवत्यात ते वाच."

"नको, आई. त्रास होईल."

"वाच म्हनलं ना."

मग त्या दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि उत्कर्षाने कोरड्या आवाजात, कारखान्यातला रिपोर्ट वाचावा तसं, वाचायला सुरुवात केली. पहिला कुणी सनी होता. "पार्सल द्यायला गेलो होतो. गाडी बंदसुद्धा केली नाही, चालूच ठेवली. तरी बोलणी खाल्ली. आवाज कडक. पाच स्टार."

"पाच कशापायी?"

"आवडलं असेल त्याला."

पुढची करिष्मा. "थेरगावहून मैत्रिणींना घेऊन मुद्दाम गेलो. आजी घरी नव्हत्या. निराशा झाली. एक स्टार."

"मी काय जत्रा हाय का? निराशा झाली म्हनं. घरला जाऊन भाकरी थापा म्हनावं."

कुणी बुद्धरत्न नावाचा टेम्पोवाला होता. त्याने लिहिलं होतं, "नवीन ड्रायव्हर लोकांनी लक्ष द्या. दुपारी दोन ते चार म्हातारी झोपते. तेव्हाच वळवून घ्या." त्याखाली एकोणतीस जणांनी आभार मानले होते. शालनबाई भडकली. "झोपती कोन? डोळं मिटून पडलेली असती मी. येऊ दे आता दोनला." दापोडी स्टेशनावरून आलेल्या एकाची तक्रार होती की गेटचं नाव काढताच रिक्षावाल्याने त्याला गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं. लातूरच्या एकाने लिहिलं होतं, "गावाकडची आठवण आली. इथे आल्यापासून कुणी इतक्या आपुलकीनं शिव्या दिल्या नव्हत्या." कुणी गेटचा फोटो टाकला होता, कुणी तिच्या आवाजाचं नुसतं रेकॉर्डिंग. एकाने तर विचारलं होतं, की शनिवार-रविवार गर्दी असते का.

वाचता वाचता उत्कर्षाच्या ओठांचा कोपरा हलला. शालनबाईने तो बरोबर टिपला.

"हास. तू बी हास. पगार मिळतो ना तुला, हासायला काय जातंय."

"सॉरी, आई."

"ही सगळी नंतर आल्याली भुतं. पयलं कुनी टाकलं ते बघ. मला पयला मानूस पायजे. त्या दिग्यानंच केलं असनार. मी त्याला सोमवारी चार लोकांत उभा-आडवा घेती."

उत्कर्षा बोटाने यादी खाली ओढत गेली. वर्षं मागे मागे गेली. मग तिचं बोट थांबलं आणि तिने फोन हळूच उलटा करून टेबलावर ठेवला.

"राहू द्या, आई."

शालनबाईने फोन ओढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर अक्षर जोडून वाचायची. पण हे नाव तिला जोडावं लागलं नाही. आबाजी टेमगिरे. बाजूला नखाएवढ्या गोल चौकटीत पांढरी टोपी, उन्हाने बारीक केलेले डोळे. मागे त्यांचंच हिरवं गेट.

आबाजींना शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी घरात बसवलं होतं. तेव्हा मुलाने, जयदीपने, त्यांना फोन घेऊन दिला. मग काय, म्हातारा खुर्ची टाकून गेटाशी बसायचा आणि दिवसभर त्या फोनमधून काही ना काही चमत्कारिक शोधून काढायचा. सापडलं की बायकोला हाक. "अगं, ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात." ती आतून ओरडायची, "तुमचं एक हाय ते धड चालंना, त्याचं बघा." एकदा म्हणाले, "जपानात एका मांजरीला स्टेशनमास्तर केलीया, डोक्यावर टोपी बी हाय." ती म्हणाली, "त्यात काय. आपल्याकडं बोक्यास्नी मोठमोठ्या खुर्च्या मिळत्यात. त्या जपानपरीस जरा लसूण सोला." तो हसायचा आणि खरंच लसूण सोलायला बसायचा. आणि एवढा गरीब माणूस मनात हे घेऊन बसला होता.

"वाच," ती सुनेला म्हणाली.

"‘गेटसमोर गाडी लावू नये. बाई खडूस आहे. माझा अनुभव...’"

"पुरे."

"आई, पुढे अजून..."

"पुरे म्हनलं. बंद कर ते."

ती उठली ती थेट भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. हार घातलेला, टोपीतला, तसाच डोळे बारीक केलेला. "व्हय वो," ती म्हणाली, "तीन वर्सं मी तुमच्या नावासाठी पायऱ्या झिजवल्या. गुडघ्यात पानी झालं माज्या. पोराच्या वयाच्या त्या कारकुनाला सायेब सायेब म्हनले. आन तुमी मला जगाच्या येशीवर टांगून गेलात. लोकं तिकिटं काढून बघाय येत्यात मला. जिवंत असताना बोलायची छाती न्हाई झाली?" फोटो काय बोलणार. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. रोज संध्याकाळी ती त्या फोटोसमोर दिवा लावायची. त्या दिवशी लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जयदीपने विचारलं तर त्यालाही झाडलं, "तुज्या बापाला उजेडाची गरज न्हाई, त्याचा उजेड गावभर पडलाय."

बुधवारभर ती कुणाशीच नीट बोलली नाही. दुधवाल्याला हाकललं, भाडेकरणीच्या नळाला कुलूप घातलं. गुरुवारी उत्कर्षाची सुट्टी होती. तिने सकाळी लोखंडी कपाट उघडून आबाजींचा जुना फोन शोधून काढला, चष्म्याच्या डबीबरोबर रुमालात गुंडाळलेला. चार्जिंगला लावला, तासाभराने तो चालू झाला. आबाजींनी त्याला कुलूपबिलूप ठेवलंच नव्हतं.

"आई," ती सासूसमोर बसली, "काम झालं. ती जागा बाबांनी मॅपवर स्वतःच्या मालकीची म्हणून टाकलीय. यातून काढता येते. इथे दाबलं की नाव, फोटो, दोनशे चौदा रिव्ह्यू, सगळं पुसलं जाईल. कुणी टाकलं होतं ते कुणाला कळणारही नाही. सोमवारी दिग्विजयला अर्ज मागे घ्यावाच लागेल. बाबांच्या नावाची पाटी लागेल."

"खरंच जाईल?"

"कायमचं."

"मग काढ. थांब. मी दाबती. माज्या हातानं पुसती त्याचं."

उत्कर्षाने तिला बटण दाखवलं आणि त्याच वेळी गॅसवरचं दूध वर आलं म्हणून ती स्वयंपाकघरात धावली. शालनबाईने चष्मा लावला. पुसायचंच आहे, तर काय पुसतोय ते एकदा बघावं, म्हणून तिने त्याचं लिहिलेलं उघडलं. एका अक्षरावर बोट ठेवून दुसऱ्यावर जात ती वाचू लागली.

‘गेटसमोर गाडी लावू नये. बाई खडूस आहे. माझा अनुभव सत्तेचाळीस वर्षांचा. आधी बोलणी खावी लागतात. मग पाणी मिळते. मग चहा. जेवणाची वेळ असली तर जेवण, नको म्हटले तरी. तेव्हा घाबरून परत फिरू नये, थांबावे. जो थांबला त्याचे भले होते. माझे झाले.’

चार स्टार दिले होते.

उत्कर्षा दूध उतरवून आली, तेव्हा सासू तशीच बसलेली होती. फोनचा पडदा काळा झाला होता आणि ती पदराने डोळे पुसत होती, जोरजोरात, रागाने, डोळ्यांचंच काही चुकलं असावं तसं.

"दाबलं?"

"ह्या मानसानं मला कदी चिठ्ठी लिवली न्हाई," शालनबाई म्हणाली. "मी भाळवणीला म्हायेरी सा-सा म्हैने असायची, तरी न्हाई. सहीबिगर त्यानं कायबी लिवल्यालं मी बघितलं न्हाई कदी. आन लिवलं ते कुटं, तर हितं. पार्सलवाल्यांसाठी. मला सोडून सगळ्या जगाला सांगितलं मेल्यानं. तोंडावर एकदा बोलला असता तर काय जीब झडली असती?"

"बोलले असते तर तुम्ही लसूण सोलायला लावलं असतं."

शालनबाईने सुनेकडे असं पाहिलं की उत्कर्षाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण बाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "लावलंच असतं."

"मग काय करायचं, आई? सोमवार जवळ आलाय. हे राहिलं तर बाबांची पाटी जाते. तीन वर्षं घालवलीत तुम्ही त्यात."

"ठाऊक हाय मला. माजे गुडघे हायेत, तुजे न्हाईत." तिने फोन रुमालात गुंडाळला आणि कमरेला खोचला. चार दिवस तो कुणाला दिला नाही. रविवारी तर ती सोनेरी अक्षरांची पाटी डोळ्यांसमोर आणून इतकी रडली, की भाडेकरीण दार ढकलून विचारायला आली. तिलाही बाईने तोडूनच लावलं.

सोमवारी समाजमंदिर पहिल्यापेक्षा जास्त भरलं होतं. तमाशा बघायला कोण येत नाही? दिग्विजय साहेबांशेजारी खुर्ची टाकून बसला होता. शालनबाई आत आल्या आल्या त्याने फोन वर केला.

"शालनआजी, मी आत्ताच बघितलं. आहे तसंच आहे. उलट सोळा रिव्ह्यू वाढले."

"असू दे."

"म्हणजे निघालं नाही. मी म्हटलंच होतं साहेब, ते निघत नाही."

"निघतंय," शालनबाई म्हणाली. "एका बोटाचं काम हाय. मला काढायचं न्हाई."

मागे हसायला तयार बसलेली माणसं हसायची थांबली. दिग्विजयला काही उमगेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आजी, नीट समजून घ्या. ते राहिलं तर ठरल्याप्रमाणे तुम्हाला अर्ज मागे घ्यावा लागेल. यजमानांचं नाव लागणार नाही. ज्योतीराम टेमगिऱ्यांचं लागेल. पुन्हा अर्ज करता येणार नाही."

शालनबाईला ते समजत होतं. समोरच्या भिंतीचं पोट रस्त्यात तसंच राहणार आणि वर त्याच भिंतीवर ज्योतीरामचं नाव सोन्याने चमकणार, रोज सकाळी गेट उघडलं की तिला तेच दिसणार. पिशवीतले तीन वर्षांचे कागद तिने साहेबांच्या टेबलावर ओतले.

"घेती मागं."

"कारण लिहावं लागतं, आजी. काय लिहू?"

"लिवा, मालकांचं नाव गल्लीला लावायची गरज न्हाई. त्यांनी माजं लावलंय."

दिग्विजय अर्धवट उठला. "म्हणजे ते आबाजीआजोबांनी..."

"तू खाली बस. तुला कुनी इचारलं?" ती साहेबांकडे वळली. साहेबांनी पेन कागदावर टेकवलं होतं, पण ते लिहीत नव्हते, नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते. "लिवा की सायेब. आन खाली माजी सही घ्या लवकर. ह्याची गाडी माज्या गेटासमोर उभी हाय, मला जायचंय."